आधी नोटीस, मग दाद

नवा पक्षकार वकिलाकडे आला की, 'दावा कधी लावायचा?' हे तो आधी विचारतो. वकील उलट विचारतो, 'नोटीस दिली आहे काय?' या एका प्रश्नाने पुष्कळांचा विरस होतो. अन्याय उघड्या डोळ्यांना दिसतो आहे, मग हा कागदी उपचार कशाला, असे त्यांना वाटते. साध्या देण्याघेण्याच्या दाव्यात हा विरस फार तर दोन महिन्यांचा असतो. पण नदी नासते आहे, विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही, अशा वेळी दोन महिने थांबा म्हणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्याच्याविरुद्ध हुकूम व्हायचा त्याला कळवल्याशिवाय तो करणे हाही अन्यायच. या दोन अन्यायांच्या मधून कायद्याने वाट कशी काढली आहे, ते समजून घेणे हा आजचा विषय आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण धरून चालू. समजा, आपल्या गावाच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचे सांडपाणी नदीत येते. गावची नगरपालिका मैलापाणीही तिथेच सोडते. आणि या दोघांवर देखरेख करायची ते सरकारी मंडळ स्वस्थ बसले आहे. गावकऱ्यांनी दाद मागायची ती कोणाविरुद्ध, कोठे, आणि त्याआधी कोणाला काय कळवून?

हक्क आला कोठून?

१९५० साली आपली राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्यात पर्यावरणासंबंधी स्वतंत्र कलम नव्हते. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३ जानेवारी १९७७ पासून दोन कलमे आली. कलम ४८-अ ने पर्यावरणाचे रक्षण करणे हे राज्याचे धोरण ठरवले आणि कलम ५१-अ (ग) ने ते नागरिकाचे कर्तव्य ठरवले. परंतु धोरणाच्या तत्त्वांची अंमलबजावणी कोर्टाकडून करून घेता येत नाही, असे घटनाच सांगते. आणि कर्तव्य म्हणजे हक्क नव्हे. हक्क मिळाला तो कलम २१ मधून, म्हणजे जीविताच्या हक्कातून. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, प्रदूषणमुक्त पाणी व हवा उपभोगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मौजेची गोष्ट ही की, ज्या अर्जावर हे तत्त्व सांगितले गेले तो अर्ज मात्र फेटाळला गेला. कारण अर्जदार लोकहितासाठी नव्हे तर स्वतःच्या स्वार्थासाठी आला आहे, असे न्यायालयाला आढळले. पुढे २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या खटल्यात न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्कही कलम १४ व २१ मध्ये आहे, असे मानले.

तेव्हा हक्क आहे, आणि तो घटनेतला आहे. पण हक्क असणे वेगळे आणि तो बजावून घेणे वेगळे. बजावणीची वाट जिथून सुरू होते तिथे नोटीस उभी असते.

नोटीस एक नव्हे, चार

नोटीस हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण तिचे निदान चार प्रकार ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिली, दावा लावण्यापूर्वी प्रतिपक्षाला द्यायची पूर्वसूचना. दुसरी, दावा दाखल झाल्यावर कोर्टाने प्रतिवादीला 'हजर राहून म्हणणे मांडा' म्हणून काढायची. तिसरी, ज्यांच्या हिताला धक्का लागेल पण ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत अशा सर्वांना उद्देशून काढायची जाहीर नोटीस. आणि चौथी, घटनेच्या अर्थाचा प्रश्न निघाला तर सरकारच्या मुख्य कायदेपंडिताला द्यायची.

या चौथीविषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सत्तावीस-अ या आदेशाप्रमाणे दाव्यात घटनेच्या अर्थासंबंधी महत्त्वाचा प्रश्न उद्भवला, तर तो केंद्र सरकारशी संबंधित असल्यास ॲटर्नी जनरलला आणि राज्य सरकारशी संबंधित असल्यास ॲडव्होकेट जनरलला नोटीस दिल्याशिवाय कोर्टाने त्याचा निर्णय करू नये. कारण उघड आहे. दोन खाजगी पक्षांच्या भांडणात कायद्याचे भवितव्य ठरू नये. ज्याने कायदा केला त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे.

कलम ८० आणि मालेगावचा खटला

पूर्वसूचनेचे मुख्य कलम म्हणजे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८०. सरकारविरुद्ध, किंवा सरकारी अधिकाऱ्याने अधिकाराच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल, दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी आणि ती पोचल्यापासून दोन महिने थांबावे, असे हे कलम सांगते. राज्य सरकारच्या बाबतीत ती सचिवाला किंवा जिल्ह्याच्या कलेक्टरला द्यायची. तिच्यात दाव्याचे कारण, वादीचे नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण, आणि मागितलेली दाद, एवढे असले पाहिजे. हेतू असा की, सरकारने विचार करावा, चूक असेल तर सुधारावी, आणि कज्जा व लोकांचा पैसा दोन्ही वाचावे.

हे कलम किती कडक आहे, याचा प्रसिद्ध निर्णय आपल्याच मुलखातून गेलेल्या खटल्यात झाला. १९२१ साली मालेगावात दंगा झाला. त्यानंतर सरकारने रहिवाशांवर बसवलेल्या वसुलीविरुद्ध काही जणांनी मनाई हुकमासाठी दावा लावला. पण नोटिशीची मुदत संपण्याची वाट पाहिली नाही. वसुली दाराशी आली असता दोन महिने थांबायचे कसे, हा त्यांचा सवाल होता. मनाई हुकमाच्या दाव्याला हे कलम लागू नाही, अशी मुंबई हायकोर्टाची जुनी समजूतही होती. प्रिव्ही कौन्सिलने १९२७ साली, भगचंद दगडूसा यांच्या या खटल्यात, ती समजूत मोडीत काढली. कलमाची भाषा स्पष्ट व सक्तीची आहे आणि तिला अपवाद जोडता येत नाही, असा तो निर्णय. अर्थ असा झाला की, नुकसान होत असले तरी थांबा.

यानंतर दोन प्रवाह चाललेले दिसतात. एक न्यायालयांचा. नोटीस हवीच, पण ती वाचताना थोडा व्यवहारज्ञानाचा उपयोग करावा, अक्षरावर अडून बसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सांगितले. दुसरा प्रवाह कायदा सुधारू पाहणाऱ्यांचा. विधि आयोगाने १९५८ च्या चौदाव्या आणि १९६४ च्या सत्ताविसाव्या अहवालात हे कलम काढूनच टाकावे, अशी शिफारस केली. संसदेने ते काढले नाही; परंतु १९७६ साली दोन दारे उघडली. तातडीची दाद हवी असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा लावता येतो. मात्र सरकारला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय कोर्टाने काहीही देऊ नये. आणि वादी कोण हे ओळखू येत असेल, दाव्याचे कारण व दाद ढोबळमानाने कळत असेल, तर नोटिशीतल्या किरकोळ दोषापायी दावा फेटाळू नये.

नोटिशीचा हेतू कितपत सफल होतो? २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच खेदाने नमूद केले की, पुष्कळ प्रकरणांत सरकारकडून एकतर उत्तर येत नाही, किंवा आलेच तर मोघम येते. त्यावर, नोटिशींना उत्तर देण्यासाठी प्रत्येक सरकारने व खात्याने जबाबदार अधिकारी नेमावा, असे न्यायालयाने सुचवले. ज्याच्या भल्यासाठी नियम केला त्यानेच तो पाळू नये आणि दुसऱ्याला मात्र त्याच्यापायी अडवून धरावे, हे काही न्यायाचे नव्हे.

नगरपालिकांच्या कायद्यांतही अशीच कलमे आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ५२७ आणि इतर महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यातील कलम ४८७ ही दोन्ही एक महिन्याची पूर्वसूचना मागतात.

घटनेच्या वाटेवर नोटीस कोठे आहे?

आता महत्त्वाचा भेद पाहू. घटनेच्या कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात किंवा कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्ज केला, तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागत नाही. रिट म्हणजे दावा नव्हे. शिवाय मूलभूत हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात जाणे हाच मुळी एक मूलभूत हक्क आहे. त्याच्या दारात साध्या कायद्याला अडसर घालता येत नाही. एवढे मात्र खरे की, अधिकाऱ्याला काही करायला भाग पाडायचे असेल तर आधी त्याच्याकडे मागणी केली होती काय आणि त्याने ती नाकारली काय, हे न्यायालय सर्वसाधारणपणे विचारतेच. म्हणून शहाणा अर्जदार आधी लेखी मागणी करून ठेवतो.

हे दार किती उघडे आहे याचे उदाहरण डेहराडूनचे. जुलै १९८३ मध्ये तेथील एका संस्थेने मसुरीच्या डोंगरातील चुनखडीच्या खाणींविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. पण आत जायला नोटीस लागली नाही म्हणून आत गेल्यावर कोणाला कळवलेच नाही, असे झाले नाही. सरकारला नोटीस गेली, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, खाणवाल्यांचे म्हणणे ऐकले गेले, आणि १२ मार्च १९८५ च्या हुकमाने अनेक खाणी बंद झाल्या.

हाच समतोल घटनेनेही लिहून ठेवला आहे. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेले कलम २२६ (३) असे सांगते की, अर्जाच्या प्रती न देता आणि म्हणणे न ऐकता हायकोर्टाने कोणाविरुद्ध अंतरिम हुकूम दिला, तर तो पक्ष हुकूम उठवण्याचा अर्ज करू शकतो. आणि त्याचा निकाल दोन आठवड्यांत व्हावा, नाहीतर तो अंतरिम हुकूम उठेल. म्हणजे तातडीला जागा आहे, पण ती तातडीपुरतीच. आपल्या गावकऱ्यांनी रिट केली आणि कारखान्याला प्रती पोचवण्यात हयगय केली, तर मिळालेला मनाई हुकूम हातचा जाण्याचा धोका आहे. तो का गेला, हे नदीला काय समजावणार!

गंगेच्या काठची जाहीर नोटीस

प्रतिवादी दहा-वीस असले तर त्यांना नोटीस बजावता येते. ते हजारो असले तर? हा प्रश्न गंगेच्या खटल्यात आला. वकील एम. सी. मेहता यांनी गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. नदीच्या काठी कारखाने किती, नगरपालिका किती! प्रत्येकाच्या नावाने नोटीस काढायची तर नदी आटेपर्यंत बजावणीच चालली असती. न्यायालयाने दिवाणी संहितेतील पहिल्या आदेशाचा आठवा नियम उपयोगात आणला. एकाच हिताची अनेक माणसे असतील तेव्हा जाहिरातीने नोटीस देण्याची सोय त्या नियमात आहे. अर्जाचा गोषवारा उत्तर भारतातील वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून, ज्यांच्या हद्दीतून गंगा वाहते त्या सर्व नगरसंस्थांना आणि सर्व कारखानदारांना हजर होण्यास सांगण्यात आले.

मग कानपूरच्या जाजमऊ भागातील कातड्याचे कारखानदार पुढे आले. त्यांचे ऐकून घेऊनच २२ सप्टेंबर १९८७ रोजी हुकूम झाला की, ज्यांनी निदान प्राथमिक शुद्धीकरणाची सोय केलेली नाही त्यांनी १ ऑक्टोबरपासून कारखाने बंद ठेवावेत. खर्च परवडत नाही, ही सबब चालली नाही. किमान वेतन देता येत नाही त्याला कारखाना चालवता येत नाही, तसेच हे, असे न्यायालयाने म्हटले. एवढा कडक हुकूम टिकाऊ झाला याचे एक कारण, माझ्या मते, ती जाहीर नोटीस हेच आहे. 'आम्हाला कळलेच नाही' असे म्हणायला कोणाला जागा उरली नाही.

साठ दिवसांची गोष्ट

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम १९ ने प्रथमच साध्या नागरिकाला या कायद्याखालील गुन्ह्याची फिर्याद करण्याचा हक्क दिला. मात्र सरकारला निदान साठ दिवसांची नोटीस देऊन. हवेच्या कायद्यात १९८७ साली आणि पाण्याच्या कायद्यात १९८८ साली हीच तरतूद आली. या दोन कायद्यांत आणखी एक उपयुक्त गोष्ट आहे. अशी फिर्याद केलेल्या माणसाने मागणी केल्यास मंडळाने आपल्याजवळचे संबंधित अहवाल त्याला दिले पाहिजेत. लोकहिताला बाधक असेल तरच नकार देता येतो. २०२३ व २०२४ च्या दुरुस्त्यांनी यांतील बऱ्याच गुन्ह्यांना तुरुंगाऐवजी दंड ठरवल्यामुळे ही वाट आता अरुंद झाली आहे.

साठ दिवसांची ही पद्धत अमेरिकेत १९७० पासून आहे. ती कशी बाधू शकते याचा एक धडा तिकडच्याच खटल्यात आहे. ऑरेगन राज्यात एका दूधधंदेवाल्या कुटुंबाच्या शेताला लागून टिलामूक परगण्याचा कचऱ्याचा डेपो होता. त्यातून झिरपणाऱ्या घाणीबद्दल त्यांनी परगण्याला नोटीस दिली आणि जवळजवळ वर्षभर थांबून १९८२ साली दावा लावला. पण कायद्याप्रमाणे राज्याच्या आणि केंद्राच्या पर्यावरण खात्यांनाही नोटीस द्यायची होती, ती राहिली. खटला चालला, साक्षीपुरावा झाला, परगण्याने कायदा मोडला असा निकालही मिळाला. आणि १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, नोटीस ही पूर्वअट आहे. ती नाही म्हणून दावाच रद्द. हवे तर नोटीस देऊन पुन्हा लावा! सात वर्षांचे श्रम दोन न पाठवलेल्या कागदांपायी वाया गेले.

हरित न्यायाधिकरणाचा काळ

आपल्याकडे २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे. पर्यावरणाच्या ज्या वादांत न्यायाधिकरण दाद देऊ शकते, त्यांत दिवाणी कोर्टाला आता अधिकार नाही. त्यामुळे आपल्या उदाहरणातील गावकऱ्यांना आज दोन मुख्य वाटा आहेत : मुंबईचे हायकोर्ट किंवा पुण्याचे न्यायाधिकरण. न्यायाधिकरणाकडे कलम १४ खाली अर्ज करायला पूर्वसूचना लागत नाही. साठ दिवसांची नोटीस लागते ती केवळ गुन्ह्याच्या फिर्यादीला. पण मुदत मात्र आखूड आहे. वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने, आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस. मंजुरीविरुद्ध अपील करायचे तर तीस दिवस, आणि फार तर आणखी साठ.

न्यायाधिकरणावर दिवाणी संहितेचे बंधन नाही. पण नैसर्गिक न्यायाचे आहे. म्हणजे ऐकल्याशिवाय निवाडा नको. मुंबईच्या कचऱ्याविषयी वृत्तलेख वाचून न्यायाधिकरणाने आपण होऊन कारवाई केली, तेव्हा महानगरपालिका अपिलात गेली. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाला आपण होऊन दखल घेण्याचा अधिकार आहे, असा निर्णय दिला. मात्र ज्याच्यावर परिणाम होणार त्याला ऐकून घेण्याचे बंधन सुटत नाही. पुढे ३० जानेवारी २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने, बाजू न ऐकता हुकूम व नुकसानभरपाई ठरवण्याच्या न्यायाधिकरणाच्या रीतीवर कडक टीका केली, हुकूम रद्द केले आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. पर्यावरणाच्या कैवाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. घाईने मिळवलेला हुकूम अपिलात मोडतो आणि मधली वर्षे प्रदूषण करणाऱ्याच्या पदरात पडतात.

नागरिकाचीही नोटीस

आतापर्यंत नागरिकाने सरकारला कळवण्याचे पाहिले. पण कळवण्याचे ऋण सरकारवरही आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागू असलेल्या मोठ्या प्रकल्पासाठी ती घ्यायची, आणि तिची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात देऊन लोकांना निदान तीस दिवस द्यायचे, असे ठरले. मंजुरी मिळाल्यावर तीही वृत्तपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते, कारण अपिलाचे तीस दिवस मंजुरी कळल्यापासून मोजले जातात. कोपऱ्यातल्या त्या बारीक टायपातल्या जाहिरातीकडे आपण ढुंकून पाहत नाही. पण आपल्या हक्काचे घड्याळ तिथे चालू झालेले असते. मग तीन महिन्यांनी मोर्चा काढणे म्हणजे वरातीमागून घोडे.

म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नोटीस साध्या मराठीत असली तरी चालते, पण ती मोघम नसावी. 'प्रदूषण होते' एवढे न लिहिता कोणत्या नाल्यातून, कोणत्या तारखेला, कसे पाणी आले, कोणाच्या विहिरीवर परिणाम झाला, हे लिहावे. आपले नाव व पत्ता आणि नेमके काय हवे तेही लिहावे. ज्या ज्या अधिकाऱ्याचा संबंध आहे त्या प्रत्येकाला प्रत द्यावी आणि पोच जपून ठेवावी. टिलामूकचा धडा विसरू नये. दिवाणी दाव्याच्या मुदतीतून नोटिशीचा काळ वगळला जातो, हे १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. पण न्यायाधिकरणाचे सहा महिने मात्र तारखेनिशी मोजावे. पत्रव्यवहारात ते निसटू देऊ नयेत.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील म्हणत. नोटीस ही त्या पायरीच्याही आधीची पायरी आहे. ती प्रामाणिकपणे दिली आणि समोरच्याने प्रामाणिकपणे वाचली, तर पुढच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. आणि चढाव्या लागल्याच, तर पहिली पायरी भक्कम असल्याखेरीज वरची टिकत नाही. नदी आपली बाजू मांडायला कोर्टात येऊ शकत नाही. जे तिच्या वतीने जाणार आहेत त्यांनी निदान कागद तरी बिनचूक घेऊन जावे, एवढीच विनंती.